‘आधी एनओसी आणा’ : निफाडकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निफाडकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा बाररूममध्ये, तेव्हा डोकं फिरलं. दुसऱ्यांदा रात्री जेवण झाल्यावर, तेव्हा जरा शांतपणे.

वकिलांच्या आचारसंहितेवर मी लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या केसमध्ये तुमच्या वकिलांनी २० टक्के ठरवले, मध्येच खटकलं, त्यांनी फाइल दाबून ठेवली आणि आता एनओसीशिवाय, म्हणजे जुन्या वकिलांच्या ‘हरकत नाही’ अशा लेखी सहीशिवाय, दुसरा वकील हात लावत नाही. वकिलांना शिस्त लावणारी बार कौन्सिल म्हणजे कुंपणच शेत खाणार. लंडनला असलेला पुतण्या सांगतो की तिकडच्या सॉलिसिटरांचं (पक्षकाराचं काम थेट घेणाऱ्या वकिलांचं) असलं काही चालत नाही. आणि मी, स्वतः वकील म्हणून, भाऊबंदांना झाकतोय. शेवटी ‘हिंमत असेल तर माझी केस तुम्ही घ्या’.

झाकण्याचं आधी उरकतो. तुमच्या प्रतिक्रियेतून तुमच्या वकिलांचं नाव मी काढून टाकलं, खरं आहे. एकच बाजू ऐकून कुणाचं नाव चव्हाट्यावर आणायचं नाही, आणि उद्या त्यांनी तुमच्याबद्दल काही लिहिलं तर तुमचंही काढेन. बाकी एक अक्षर गाळलेलं नाही. तुमचा ‘लुटारू’ हा शब्दसुद्धा जागेवर आहे.

आता फाइल. ती तुमची आहे, यात दुमत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगून टाकलंय की फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, अडवले तर ते व्यावसायिक गैरवर्तन. फी राहिली असेल तर वेगळा दावा लावून वसूल करा. त्या वकिलाला बार कौन्सिल ऑफ इंडियाने १८ महिने प्रॅक्टिस बंदची शिक्षा दिली होती. ती कमी करून कोर्टाने नुसती समज दिली, कारण तोवर या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल नव्हता. आज कुणाला ती सबब नाही.

गंमत अशी की तुमच्या पुतण्याच्या इंग्लंडमध्ये सॉलिसिटरला बिल चुकतं होईपर्यंत कागद ठेवून घेता येतात. त्यावर मर्यादा आहेत, पण हक्क आहे. म्हणजे या एका बाबतीत आपला कायदा पक्षकाराच्या बाजूने जास्त कडक. विचारून बघा त्याला.

आणि सगळी मदार त्या फाइलवर ठेवू नका. कोर्टात जे दाखल झालंय ते कोर्टाच्या रेकॉर्डला आहे. नक्कल अर्ज द्या, सही-शिक्क्याच्या नकला मिळतील. अडकतं ते दाखल न केलेलं मूळ कागदपत्र, तेवढं लेखी मागा, पोच घ्या.

एनओसीचं मात्र तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वकील बदलायचा तर नव्या वकीलपत्राच्या कोपऱ्यात जुने वकील ‘हरकत नाही’ लिहून सही करतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत नियम ३९ आहे तसा. पण आम्ही तो अर्धाच सांगतो. पुढचा अर्धा असा की संमती मिळत नसेल तर नव्या वकिलाने का मिळत नाही ते लिहून कोर्टाकडे अर्ज करावा आणि कोर्टाने परवानगी दिली की उभं राहावं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे पक्षकार स्वतःही, कोर्टाच्या परवानगीने, लेखी देऊन जुनं वकीलपत्र संपवू शकतो. अर्ज एका पानाचा होतो. मग कुणी करत का नाही?

माझंच सांगतो. स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू करून दोनेक वर्षं झाली असतील. दिंडोरीकडच्या एक आजी आल्या, वाटपाचा दावा. सकाळच्या एसटीने नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरून समोर कोर्टात. हातात कापड दुकानाची पिशवी, तिच्यात सातबारा, घडीवर फाटलेला फेरफार आणि एक डबा. मी पाहिलं, जुनं वकीलपत्र होतं. म्हटलं, “आजी, आधी एनओसी आणा.” त्या म्हणाल्या, “ते कुठल्या हापिसात मिळतं? तलाठ्याकडं का?”

मी सांगितलं, तुमच्या आधीच्या वकिलांकडे. त्या म्हणाल्या, ते तर तोंड फिरवतात. तरी गेल्या. तीन वेळा आल्या माझ्याकडे, तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने. नियम ३९ मला तोंडपाठ होता. अर्ज करायला अर्धा तास लागला असता. पण ते आधीचे वकील बाररूममध्ये माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायचे, आणि माझ्याविरुद्ध अर्ज केलास म्हणून उद्या ते चहाला बोलावणार नाहीत, ही भीती. मी केस घेतली नाही. पुढे त्या आजींचं काय झालं, कुणाला विचारलंही नाही.

तेव्हा तुम्हाला ‘हात लावत नाही’ म्हणणाऱ्या वकिलाला नियमाने अडवलेलं नाही. त्याला चहाने अडवलंय. एकाने दुसऱ्याचा पक्षकार फोडू नये, मागची फी बुडू नये, यासाठी केलेली ही रीत. १९७५ च्या दाभोलकर प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे मुंबईचे असे वकील आले होते की जे फौजदारी कोर्टाच्या दारात पक्षकार दिसला की त्याच्यावर झडप घालायचे. तशी झोंबाझोंबी नको म्हणून थोडं कुंपण हवंच. पण कुंपणाला फाटक असतं, ते आम्ही कुलूप लावून ठेवलंय.

टक्केवारीवर मी तुमच्याशी भांडणार आहे. नियम २० सरळ म्हणतो की निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या २०१७ च्या निकालात अपघाताच्या नुकसानभरपाईवर टक्क्यांनी फी मागणाऱ्या वकिलाची चेक बाउन्सची केसच सुप्रीम कोर्टाने रद्द केली. तेव्हा तुमचे २० टक्के कायद्याने वसूल होणारे नाहीत. पण निफाडकर, टक्के तुम्हीही कबूल केले होते. मी फी आधी सांगतो तेव्हा दहातले सहा जण म्हणतात, “साहेब, यंदा बागेला फटका बसलाय, निकाल लागला की बघू ना, तुमचे काय ते टक्के घ्या.” अवकाळीने घड गेल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? चूक त्यांची म्हणत नाही, नियम वकिलाला बांधतो. पण टक्केवारी फक्त वकिलाच्या हावेतून येत नाही, पक्षकाराच्या रिकाम्या खिशातूनही येते.

इथेही पुतण्याला एक प्रश्न विचारा. इंग्लंडमध्ये २०१३ पासून दिवाणी कामात मिळालेल्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवता येतो. शारीरिक इजेच्या दाव्यात कमाल २५ टक्के, इतर बहुतेक दिवाणी कामांत ५०. सगळं कागदावर. मला तरी आपली बंदी बरी वाटते. वाटेकरी झालेला वकील तडजोडीचा सल्ला तुमचं हित बघून देतो की स्वतःचं, हे कोण ठरवणार? पण बंदी असताना तोंडी टक्के चालू राहणं सगळ्यात वाईट, कारण भांडण झाल्यावर दाखवायला कागदच नसतो. झालेल्या कामाचे पैसे मात्र तुमच्या वकिलांना द्या. किती, ते तारखा आणि अर्ज मोजून ठरवा.

बार कौन्सिलबद्दल तुमचंच बरोबर. तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची, शिस्तपालन समिती तिघांची, तिघेही वकील. एका वर्षात निकाल नाही लागला तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, म्हणजे निफाडच्या माणसाला आणखी लांब. २०२४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर काढली, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दारही बंद. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांच्या शिस्तपालन न्यायाधिकरणावर वकील नसलेला सदस्यही बसतो. आपल्याकडे तसा एक तरी माणूस असावा असं मी बाररूममध्ये बोललो, तर नाशिकच्या जुन्या वकीलवाडीच्या काळापासून प्रॅक्टिस करणारे एक ज्येष्ठ म्हणाले, “मग उद्या पेशंट डॉक्टरचं ऑपरेशन करणार का?” सगळे हसले. मीही हसलो, नेहमीप्रमाणे उत्तर घरी आल्यावर सुचलं.

राहिली तुमची हिंमतीची गोष्ट. नियम ११ म्हणतो, ज्या कोर्टात प्रॅक्टिस करतो तिथलं काम योग्य फी मिळत असेल तर वकिलाने घ्यावं, विशेष कारणाशिवाय नाकारू नये. नियम ३६ म्हणतो, कामाची मागणी करत फिरू नये. त्यामुळे ‘या, मी घेतो’ असं मला इथे लिहिता येत नाही, आणि लिहिणार नाही. नाशिकच्या कोर्टात बरेच वकील आहेत, कुणाकडेही जा, फक्त जाताना नकारच आला तर दाखवायला जुन्या वकिलांना पाठवलेल्या लेखी पत्राची पोच सोबत ठेवा. माझ्या टेबलाशी कुणी आलं तर ‘एनओसी आणा’ म्हणायचं मी बंद केलंय. ते आधीचे वकील अजून दोन टेबलं सोडूनच बसतात.