शंभर वर्षांची उडी आणि "नाही आवडत तर सोडा ना"

सगळ्यात आधी, माझ्या लेखावर एवढं सविस्तर आणि शिव्या न घालता लिहिलंत त्याबद्दल थँक्स, हे हल्ली दुर्मीळ झालंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी फर्गॉटन रेल्म्सवर, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या खेळाच्या काल्पनिक जगावर, प्रेम आहे प्रेम आहे म्हणतो आणि दर लेखात तेच रडगाणं गातो, त्यातही 2008 च्या उडीवर, म्हणजे नव्या पुस्तकाने त्या जगाची गोष्ट एकदम शंभर वर्षं पुढे नेली त्यावर, माझी सुई कायमची अडकलीय. ते जग इतकं गच्च भरलं होतं की नवीन माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती, कुणीतरी झाडू मारायलाच हवा होता. आणि शेवटी, नाही आवडत तर सोडा ना, कुणी बळजबरी केलीय का.

शेवटचं आधी घेतो. सोडून बघितलंय हो. दोनदा. एकदा तर पुस्तकं खोक्यात भरून माळ्यावर टाकली होती, पुढे काय झालं ते सांगायला नकोच.

आता गच्च भरण्याबद्दल. हे शंभर टक्के मान्य. एड ग्रीनवुडने लहानपणी स्वतःच्या गोष्टींसाठी रचलेलं हे जग 1987 मध्ये बॉक्स सेट म्हणून बाहेर आलं तेव्हा त्यात भरपूर मोकळी जागा होती, मग वीस वर्षं कादंबऱ्या, गेम, पुरवण्या येत राहिल्या आणि एकेका खाणावळीच्या मालकाचं नाव न् त्याच्याकडे कुठली बिअर मिळते इथपर्यंत सगळं छापून झालं. मी डीएम म्हणून, म्हणजे खेळात गोष्ट सांगणारा म्हणून, बसायचो तेव्हा मला राक्षसांची नाही, समोरच्या कादंबऱ्या वाचलेल्या पोराची भीती वाटायची. "पण तो राजा तर मेलाय ना?" असं मधेच म्हणायचा आणि माझी तयारी पाण्यात. शिवाय एलमिन्स्टरसारखा महाजादूगार उशापायथ्याशी असताना गावातली भुतं आमच्या फर्स्ट लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, भणंगांनी का मारायची, याचं उत्तर मला कधीच नीट देता आलं नाही. म्हणजे आजार होता, यावर आपलं भांडणच नाही. मला औषधाचा राग आहे.

त्याचं असं झालं. 2001 च्या जाडजूड पुस्तकातला घडीचा मोठा नकाशा आम्ही टेबलावर पसरायचो, त्याच्या घड्या फाटून चिकटपट्टीवर चिकटपट्टी चढली होती. आमच्यातल्या एकाचा जादूगार होता हालरुआचा, म्हणजे दक्षिणेचा तो देश, डोंगरांनी वेढलेला, जिथे जादूगारांचं राज्य आहे आणि जहाजं आकाशातून उडतात. आम्ही खेळायचो पार दुसऱ्या टोकाला, उत्तरेत, हालरुआला कुणी कधी गेलंच नाही. पण हा पठ्ठ्या दर सेशननंतर आपल्या तिथल्या गुरूला पत्र लिहायचा, खरोखर वहीत, आणि पुढच्या वेळी मी गुरू बनून उत्तर द्यायचो, बहुतेक वेळा बोलणी खाणारं. दीड-दोन वर्षं हे चाललं. मग 2008 चं पुस्तक आलं, मी सगळ्यांसमोर उत्साहात पानं उलटतोय, आणि हालरुआ खलास. जादूची देवी मिस्ट्रा मारली गेली, स्पेलप्लेग म्हणजे जादूचाच प्रलय आला, देश उडाला, आणि त्या जगाच्या पंचांगात थेट 1479 साल उजाडलं. तो काही बोलला नाही. वही बंद केली आणि म्हणाला, "म्हणजे माझं शेवटचं पत्र पोचलंच नसेल."

तुम्ही म्हणाल आपल्या टेबलावर आपलं चालवायचं, पुस्तकवाले काय घरी येऊन बघतात का. बरोबर आहे, आणि आम्ही तेच केलं, गुरूचं उत्तरही आलं. पण ते घरचं झालं. पुढचं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक कादंबरी त्या देशाचं दार बंद करूनच येणार हे कळल्यावर मजा अर्धी होते की नाही?

आणि हे सगळं कशासाठी, तर खेळाची चौथी एडिशन आली आणि रूल्स बदलले म्हणून. जादूगाराने मंत्र पाठ करून वापरायची जुनी पद्धत मोडून नवीन आणली, तर जगातली जादूच बदलली असं दाखवायला देवी मारा. रूलबुकात ड्रॅगनबॉर्न ही जमात आली, तर त्यांना ठेवायला दुसऱ्या जगातून जमिनीचा तुकडा उचलून आणा. कारकुनी कामासाठी प्रलय घडवला हो!

इथवर लिहून मी स्वतःवर खूश होतो. मग तुमच्या प्रतिक्रियेतलं ते वाक्य परत वाचलं, की "तुम्हाला आवडतो तो काळसुद्धा आधीच्यांचं घर पाडूनच उभा राहिला होता", आणि खरं सांगतो, अडकलो. कारण मी या जगात आलो बाल्डर्स गेटच्या दुसऱ्या भागातून, 2000 चा तो कॉम्प्युटर गेम, नायक कोण तर खुनाचा देव भाल याचं पोर. आता तो भाल मेला कधी? देव पृथ्वीवर ढकलले गेले त्या टाइम ऑफ ट्रबल्समध्ये, ज्या कादंबऱ्या 1989 मध्ये आल्या. आणि त्या का आल्या? दुसरी एडिशन येत होती म्हणून! नव्या रूल्समधून मारेकऱ्यांचा क्लास, म्हणजे खेळाडूने घ्यायचा पात्राचा प्रकार, काढून टाकला होता, म्हणून गोष्टीत दुष्ट देव बेनने जगातल्या झाडून सगळ्या मारेकऱ्यांचा जीव शोषून घेतला. हीसुद्धा कारकुनीच की. तेव्हा कुणाच्या तरी टेबलावर एखादा मारेकरी असेलच, वर्षानुवर्षं जपलेला, आणि त्याच्या मालकाने पुस्तक भिंतीवर फेकलं असेल. त्याच्या राखेवर उभा राहिलेला गेम मी चार वेळा संपवलाय आणि त्याला सुवर्णकाळ म्हणत फिरतो.

तर हा मुद्दा तुमचा. लेखात मी "जुना आणि नवा काळ" असं जे लिहिलं होतं ते खरं तर "मी आलो तो आणि मी आल्यानंतरचा" असं हवं होतं.

पण पूर्ण शरण नाही येणार. 1989 चा गोंधळ डोळ्यांसमोर झाला. देव कसे पडले, कोण कुणाला मारतंय, मिडनाइट नावाची साधी जादूगार बाई शेवटी मिस्ट्राच्या गादीवर कशी बसते, हे पानोपानी घडतं, वाचणारा त्यात असतो. 2008 ला बहुतेक माणसं दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत मेली. ज्यांच्याबरोबर वाढलो ती माणसं म्हातारी होऊन गेली, कशी ते धड कळलंही नाही. मरणाबद्दल तक्रार नाहीये, सुतकसुद्धा पाळू दिलं नाही ही तक्रार आहे.

या जगातल्या कादंबऱ्यांचा नायक ड्रिझ्ट, त्याच्याबद्दल तुम्ही मला ढोंगी म्हणालात, तेही घेतो अंगावर. त्याचे सोबती गेले तेव्हा मी हळहळलो, 2013 मध्ये चौघेही पुन्हा जन्माला येऊन परतले तेव्हा "ही फसवणूक आहे" म्हणून लेख लिहिला, आणि ती कादंबरी मात्र एका रात्रीत संपवली, त्याची बायको कॅटी-ब्री परत दिसली तिथे तर येड्यासारखा हसत होतो. दोन्ही खरं आहे. मला त्यात विसंगती दिसते पण लाज नाही वाटत.

हालरुआसुद्धा परत आला म्हणे, नंतरच्या उलथापालथीत, उडत्या जहाजांसकट. ही बातमी मी त्या वहीवाल्याला लगेच कळवली. त्याचं उत्तर आलं, "गुरुजी काय म्हणतात?" तेव्हापासून मी उत्तर लिहायला घेतोय आणि अजून चार ओळींपुढे गेलेलो नाही.

नवीन पुस्तकांत बहुतेक सगळं सोर्ड कोस्टवर, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच घडतं, बाकीचा खंड जणू नकाशाच्या शोभेला, हे माझं रडगाणं मात्र चालू राहणार, त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत म्हणजे पटलं असं धरतो.

आणि हो, मिस्ट्रा दोनदा मेली असं मी लिहिलं होतं, तुम्ही तीनदा म्हणताय. नेथरिल हे जादूगारांचं प्राचीन साम्राज्य कोसळलं तेव्हाची मिस्ट्रिल, म्हणजे मिस्ट्राच्या आधीची जादूची देवी, धरली तर तीनच. लेखात दुरुस्त केलंय.