सातबारा त्यांचा, आंबे आपले

कुळकायद्याच्या दिवसांत दोन तऱ्हेचे जमीनमालक असत. एक कोर्टाच्या पायऱ्या झिजवून कंगाल होणारे. दुसरे हसतमुखाने जमीन कुळाच्या नावे करून देणारे आणि सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यात काय चढते आहे तेवढ्यावर नजर ठेवणारे. नाव कुळाचे लागायचे, आंब्याच्या पेट्या मात्र जुन्याच पडवीत उतरायच्या. तुमच्या पदरी जमिनीऐवजी एखादा अख्खा देश असेल आणि तिथल्या लोकांना एकदम स्वातंत्र्याची हुक्की आली असेल, तर डोळे मिटून हा दुसरा मार्ग धरा.

पहिल्या मार्गाने पोर्तुगाल गेला. गोवा सोडणार नाही म्हणून अडून बसला, डिसेंबर 1961 मध्ये दोन दिवसांत गोवा गेला, आणि तरी 1974 पर्यंत लिस्बनच्या कागदावर तो त्यांचाच. कागद आपल्याकडे, माल दुसऱ्याकडे! इतका उफराटा व्यवहार मारवाड्यापासून मामलेदारापर्यंत कोणी केला नसेल. गुरू करायचा तर बेल्जियमला करा.

बेल्जियमपाशी काँगो होता, म्हणजे स्वतःच्या पाऊणशे पट जमीन. आधी तर ती देशाचीही नव्हती, राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होती. रबर कमी भरले की माणसांचे हात तोडले जात. हे फारच बोभाटा होऊन जगाला दिसू लागले तेव्हा 1908 मध्ये सरकारने राजाकडून ताबा घेतला. दिसू देणे ही लिओपोल्डची चूक. बाकी त्याचा हिशेब चोख होता.

तर आधी शिक्षण. ते द्यावे, पण बेताने. कारकुनी करता यावी, यंत्र चालवता यावे, प्रार्थना म्हणता यावी, बस. 1960 साली दीड कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात विद्यापीठाचे पदवीधर होते मोजून वीस-तीस, आणि सैन्यात काळा अधिकारी एकही नाही. 1955 मध्ये व्हान बिल्सन नावाच्या बेल्जियन प्राध्यापकाने 30 वर्षांत टप्प्याटप्प्याने स्वातंत्र्य द्यावे अशी योजना मांडली, तर त्याच्यावर त्याचेच देशबांधव तुटून पडले. एवढी घाई कसली म्हणून! मग जानेवारी 1960 मध्ये ब्रसेल्सला गोलमेज बसली आणि 30 वर्षांचे काम 5 महिन्यांत उरकले. यातले मर्म ध्यानात घ्या. पोराला पोहायला शिकवू नये. एके सकाळी मायेने विहिरीत ढकलावे आणि काठावर उभे राहून पाहुण्यांना सांगावे, 'बघा, आम्ही म्हणतच होतो, यांना जमायचे नाही.'

समारंभ थाटात करा, मात्र भाषणे करणाऱ्यांची यादी स्वतःच्या खिशात ठेवा. 30 जून 1960 ला, स्वातंत्र्याच्या दिवशी, बेल्जियमचे राजा बोदुअँ यांनी लिओपोल्डच्या प्रतिभेची स्तुती केली. टाळ्या पडल्या, सगळे सुरळीत चालले होते. तेवढ्यात काँगोचे नवे पंतप्रधान लुमुम्बा उठले. यादीत त्यांचे नाव नव्हते. त्यांनी काय काढावे? फटके, अपमान, हिसकावलेल्या जमिनी, आणि हेही, की काळ्या माणसाला सदैव 'तू' म्हटले जायचे, कारण 'तुम्ही' हे गोऱ्यांसाठी राखून ठेवलेले. हे दुखणे इंग्रजीत सांगून कळायचे नाही, तिथे सगळेच 'यू'. अरेतुरेने किती लागते हे फ्रेंचांना कळते आणि मराठी माणसाला कळते. राजेसाहेब संतापले, जेवणाची वेळ टळली. तेव्हा खबरदारी घ्या, आणि निदान शेवटच्या वर्षी तरी सगळ्यांना 'अहो-जाहो' करायला सांगा. फुकट आहे.

तशीच एक सूचना सेनापतींसाठी. जान्सेन्स नावाचे बेल्जियन जनरल स्वातंत्र्यानंतरही काँगोच्या फौजेचे प्रमुखच होते. 5 जुलैला त्यांनी शिपायांना जमवून फळ्यावर लिहिले: स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर. समीकरण अगदी बरोबर होते. पण बरोबर उत्तर फळ्यावर लिहायचे नसते. शिपायांनी बंड केले. अर्थात त्यातही नुकसान काहीच नाही, कारण बंड झाले की आपल्या नागरिकांच्या रक्षणासाठी आपले सैन्य पुन्हा पाठवता येते, न विचारता.

आता 'इतर हक्क'. काँगोचा खरा गाभा म्हणजे दक्षिणेचा कटांगा प्रांत. तांबे, कोबाल्ट, आणि शिंकोलोब्वेचे ते युरेनियम, जे हिरोशिमावरच्या बॉम्बपर्यंत पोचले. स्वातंत्र्याच्या तोंडावर कंपन्यांना मुख्यालये बेल्जियमला हलवण्याची मुभा दिली गेली. वसाहतीने काढलेले कर्ज कोणी फेडायचे हा वाद मात्र पुढे पाच वर्षे चालला. एवढ्याने भागेना, तेव्हा 11 जुलैला कटांग्याने पोटहिस्सा मागितला. तिथले पुढारी मोइझ चोम्बे यांनी प्रांत वेगळा जाहीर केला. त्यांना बेल्जियन अधिकाऱ्यांची साथ, आणि खाणकंपनीचा कर आता राजधानीऐवजी चोम्बेंच्या तिजोरीत. भावाभावांत बांधावरून लावून दिली की आपण पंच म्हणून बसायला मोकळे.

कुळाने, म्हणजे लुमुम्बांनी, संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली, तिथे काम होईना म्हणून रशियाकडून विमाने मागितली. ही खरी पर्वणी. आजवर तुम्ही मालमत्ता राखत होता, आता तुम्ही मुक्त जगाचे रक्षण करता. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने सप्टेंबर 1960 मध्ये एका शास्त्रज्ञाबरोबर विष धाडले. ते वापरावे लागले नाही. राष्ट्राध्यक्ष कासावुबूंनी लुमुम्बांना बडतर्फ केले, नऊ दिवसांनी कर्नल मोबुटूंनी सत्ता हातात घेतली, आणि 17 जानेवारी 1961 ला लुमुम्बांना कटांग्यात नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. सुंठीवाचून खोकला गेला. हुकूम तिथल्याच मंत्र्यांचा, शिपाई तिथलेच, बेल्जियन अधिकारी नुसते हजर. आपण नामानिराळे. अमेरिकी सिनेटची समिती विषाची गोष्ट 1975 मध्ये छापते, बेल्जियमचा चौकशी आयोग 2001 मध्ये 'नैतिक जबाबदारी' मान्य करतो. तोवर पाहुण्यारावळ्यांची दुसरी पिढी आलेली असते.

या निस्तरण्यात कोणाची माणसे गेली, हे हळू आवाजात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारताची ब्रिगेड होती. 5 डिसेंबर 1961 ला कटांग्याच्या राजधानीत, एलिझाबेथव्हिलमध्ये, कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले, त्यांना परमवीरचक्र मिळाले. इकडे गोव्यात फौजा शिरायला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते.

पुढचे काम मुखत्याराचे. तो नेमताना हुशार बघू नये, टिकाऊ बघावा. मोबुटू 1965 पासून 32 वर्षे टिकले. मुखत्याराला नावे बदलण्याची हौस असेल तर खुशाल बदलू द्या. देशाचे झैर झाले, नदीचे झाले, माणसांची बाप्तिस्म्याची नावे गेली, कोट-टाय गेले. नाव बदलले की पोट भरल्याचा आनंद होतो, हे तुम्हाला मी काय सांगायचे! त्याच्या गावी, गबाडोलिटेला, काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी होऊ द्या. 1978 मध्ये नाणेनिधीने एर्विन ब्लुमेंथाल या जर्मन गृहस्थांना तिथल्या मध्यवर्ती बँकेत बसवले. त्यांनी 1982 मध्ये लिहून दिले की हे पैसे परत येण्याची आशा नाही. भला माणूस. त्याला वाटले, परत यावेत म्हणून दिले जातात. कर्जे चालूच राहिली आणि मोबुटू पळाले तेव्हा 12 अब्ज डॉलरच्या वरचा बोजा सातबाऱ्यावर होता. बोजा कुळाच्या नावे, हे वेगळे सांगायला नको.

लोकांचे काय, असे विचाराल. त्यांची काळजी नको, त्यांच्यापाशी 'कलम 15' आहे. असले कलम कुठल्या घटनेत सापडणार नाही, पण राजधानी किन्शासात पोराटोरांना पाठ असते: ज्याने त्याने आपापले बघावे.

मुखत्यार गेला की शेजारी आत येतात. रवांडा, युगांडा एका बाजूने, अंगोला, झिम्बाब्वे दुसऱ्या बाजूने. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2022 मध्ये युगांडाला साडेबत्तीस कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितले. काँगोने 11 अब्जांवर मागितले होते. तुम्ही मात्र यात पडू नका, तुम्ही फक्त गिऱ्हाईक व्हा. फेब्रुवारी 2024 मध्ये युरोपीय संघाने खनिजांसाठी करार केला, तो रवांडाशी. जानेवारी 2025 मध्ये एम-23 या बंडखोरांनी काँगोचे गोमा शहर घेतले, त्यांच्यामागे रवांडाचे सैनिक असल्याचे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात. जूनमध्ये वॉशिंग्टनला काँगो आणि रवांडा यांचा शांतता करार झाला आणि शांततेच्या शेजारीच खनिजांची बोलणी मांडलेली होती. जगातले निम्म्याहून जास्त कोबाल्ट याच मातीतून येते. आंबे अजून पडवीतच उतरतात, पडव्या तेवढ्या वाढल्या.

एक बारीकशी सूचना राहिली. लुमुम्बांचा मृतदेह तोडून आम्लात विरघळवण्याचे काम एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने केले. काम पुरते झाले, पण त्याला आठवण म्हणून एक दात ठेवून घेण्याची बुद्धी झाली, सोन्याने मढवलेला. साठ वर्षांनी, 20 जून 2022 ला, ब्रसेल्समध्ये तो दात डबीत घालून लुमुम्बांच्या मुलांच्या हाती द्यावा लागला आणि पंतप्रधानांना माफी मागावी लागली. तेव्हा आम्ल विकत घेताना काटकसर करू नका, आणि माणसे नेमताना त्यांना संग्रहाचा छंद नाही ना, हे आधी विचारून घ्या.