वापरलेला कॅमेरा दुकानात टाकून येऊ नका

आज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एका डीलरचं स्टेटस बघितलं आणि डोकंच फिरलं. निकॉन डी750, ‘मिंट कंडिशन, सिंगल ओनर, 44,000 फिक्स’. कार्डाच्या झाकणाजवळचं रबर सुटलेलं, फेविक्विकने चिकटवलेलं, आणि त्याचा पांढरा डाग तसाच. तो डाग मी मांडवात शेजारी उभं राहून कितीदा बघितलाय. आमच्या लग्नं शूट करणाऱ्या युनिटमधल्या पोराचा कॅमेरा आहे तो! परवाच त्याने 26,000 ला तिथे दिला. दोन बॅटऱ्या, चार्जर, बिल, बॉक्स, सगळ्यासकट. त्याला काय सांगितलं, तर ‘डीएसएलआरला आता कुत्रं विचारत नाही.’ (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला जुन्या धाटणीचा कॅमेरा.) मग स्टेटसला कशाला लावला?

पोराला फोन केला. म्हणाला, “ताई, ऑनलाइनची कटकट नको वाटली.”

या कटकटीच्या भीतीवरच अख्खा धंदा चाललाय.

माझ्या मामाचा तासगावला स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. गुडघे गेले तेव्हा त्याने काम थांबवलं आणि कॅनन फाइव्ह डी मार्क थ्री विकायला काढला. मॉडेल 2012 चं, पण मामाने जपलेलं. पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर गरम करून परत निळे करायचा. असा माणूस बॅग घेऊन दुकानात गेला, तर समोरच्याने व्ह्यूफाइंडरला डोळासुद्धा लावला नाही. मोबाइलवर कुणाशी तरी बोलता बोलता म्हणाला, “पंधरा देतो काका.” मामाने बॅगेची चेन लावली आणि एसटी पकडली.

अरे, कमी भाव सांग, पण आधी बघ तरी! शटर किती चाललंय, म्हणजे किती फोटो काढून झालेत, सेन्सरवर डाग आहेत का, लेन्समधून टॉर्च मारून फंगस, म्हणजे बुरशी, दिसतंय का. आणि काय बघून किती कापले ते समोरच्याला सांग. एवढं केलंस तर माझं तुझ्याशी भांडण नाही.

दुकानाला भाडं असतं, माल महिनोन्महिने पडून राहतो, पुढच्या गिऱ्हाइकाला थोडीफार वॉरंटी द्यावी लागते. मान्य. 2018 ला कॅनन आणि निकॉन दोघांनी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचे, मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे आणले, तेव्हापासून डीएसएलआर बॉडीचे भाव पडत गेले, तेही खरं. पण काचांचं, म्हणजे लेन्सचं काय? कॅननच्या डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स ॲडॅप्टर लावून नव्या मिररलेस आर बॉडीवर मस्त चालतात, त्यामुळे चांगल्या 70-200 झूम लेन्सला आजही मागणी आहे. दुकानदार बॉडी आणि लेन्सचा मिळून एकच आकडा सांगतो, त्यात काचेचे पैसे गडप होतात.

मामाचा कॅमेरा मी विकला. खिडकीच्या उजेडात फोटो काढले, सीरियल नंबर झाकला. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट लिहून येतो, कॅननला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, ते लावून आकडा काढला आणि जाहिरातीत टाकला. जॉयस्टिक कधीकधी अडकते, तेही लिहिलं. मामा म्हणाला, “अगं, दोष कशाला सांगतेस?” मी म्हटलं, मामा, समोरून येणाराही फोटोग्राफरच असणार, हात लावला की त्याला कळणारच.

मेसेजचा पाऊस पडला. ‘लास्ट किती?’ ‘मोबाइलवर एक्स्चेंज करता का?’ हे चालतं, दुर्लक्ष करायचं. पण एकाने मामालाच फोन लावला. मी सैन्यात आहे, बदली झालीये, माझा माणूस कॅमेरा न्यायला येईल, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. वर्दीचं नाव घेऊन म्हाताऱ्या माणसाला लुटायला निघालेले हे लोक! संताप येतो. घरातल्या मोठ्यांना आजच सांगा, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि गेलेच पैसे, तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा.

तर हो, कटकट आहे. नाही म्हणत नाही.

पण शेवटी मिरजेहून एक मुलगी आली, वडिलांना घेऊन. नुकतंच काम सुरू केलेलं. मामाच्या सोप्यात बसून तिने तासभर कॅमेरा तपासला. जॉयस्टिक स्वतः अडकवून बघितली, त्याचे दोन हजार कमी करून मागितले आणि मामाने दिले. मामीच्या मोबाइलवर 36,000 जमा झाल्याचं दिसलं, मगच कॅमेरा तिच्या हातात गेला. मामाने पट्टा तिच्या उंचीला लावून दिला आणि वरातीत फ्लॅश कुठे मारायचा हे सांगत बसला. तिचे वडील चहा घेत ऐकत होते. दुकानात पंधराला दिला असता तर मामा हे कुणाला सांगणार होता?

दवाखान्याची नड आहे, उद्या पैसे हवेत, तर जा बाबांनो दुकानात, कोणी नावं ठेवणार नाही. पण डोरलं मोडायची वेळ आली तरी आपण चार सराफ फिरतो ना? मग इथे पहिल्याच काउंटरवर मान का डोलावता? मुंबईत असाल तर फोर्टला बोरा बाझारात एका फेरीत पाच दुकानं होतात. बॉडीचा भाव वेगळा विचारा, लेन्सचा वेगळा.

आणि दुकानात जायच्या आधी मला फोटो पाठवा. जाहिरात लिहून देते, भाव काय येईल ते सांगते, घ्यायला कोणी येणार असेल आणि जवळपास असेल तर सोबत येऊन बसते. रविवारी सकाळी मी मोकळी असते, लग्नाची तारीख नसली तर.