तूट दिसली की चोरच का शोधायचा?

सुपरमार्केटमधील मालाची तूट, म्हणजे नोंदीपेक्षा मोजणीत कमी भरणारा माल, रोखणे हे माझे काम आहे, आणि प्रत्येक मोजणीनंतर वरिष्ठांकडून येणारा ‘कोणी उचलले?’ हा एकच प्रश्न ऐकून आता संताप अनावर होतो. कमी भरलेला माल चोरीलाच गेला, हे आधीच कसे ठरते? गिऱ्हाईक एकाच किमतीचे, पण चार वेगवेगळ्या सुगंधांचे साबण घेते. रांग मोठी म्हणून कॅशियर चंदनाचा एक साबण स्कॅन करून चार नग टाकतो. पैसे पूर्ण मिळतात, गल्ला जुळतो, आणि तरीही मोजणीत चंदनाचे साबण जास्त व गुलाबाचे कमी भरतात. खोकी न उघडताच चलनावर सही होते, मुदत संपलेली पाकिटे नोंद न करताच फेकली जातात. ही सारी तूटच आहे. खापर मात्र दारावरच्या सुरक्षारक्षकावर आणि त्या विभागातील पोरांवर फुटते, आणि ‘सगळ्यांच्या पगारातून वळते करा’ असे फर्मान निघते. कामगाराच्या ताब्यात दिलेला माल त्याच्याच हलगर्जीपणामुळे गेला असेल आणि त्याला बाजू मांडण्याची संधी दिली असेल, तरच अशी कपात करता येते, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून चालत आलेले आहे. मी ते दर वेळी लेखी कळवतो, आणि दर वेळी ‘मग नुकसान कोणी सोसायचे?’ असा उलट प्रश्न येतो. दिवसभर दारात उभ्या राहणाऱ्या माणसाने ते का सोसावे, हे मात्र मला अद्याप कोणीही सांगितलेले नाही.