‘सगळीकडे खाती उघडा, रोज पोस्ट टाका’: छोट्या व्यवसायांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला उत्तर

व्यवसाय नुकता सुरू केलेल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. सगळ्या प्लॅटफॉर्मवर खाती उघडा. रोज किमान एक पोस्ट टाका. किंमत लिहू नका, इनबॉक्समध्ये बोलवा. ट्रेंडिंग गाण्यांवर रील करा. आधी फॉलोअर वाढवा, ग्राहक आपोआप येतील. वेबसाइटवर खर्च कशाला, सोशल मीडिया फुकट आहे.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तो तंतोतंत पाळायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. दिवसभर काम करायचं, रात्री पोस्ट बनवत बसायचं, महिना-दोन महिन्यांत दमायचं आणि मग ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवून सगळं सोडून द्यायचं. यात दोष त्यांचा नसतो, सल्ल्याचा असतो. माझं म्हणणं साधं आहे: ज्याला तुमच्या कामाची गरज आहे त्याला तुम्ही सापडला पाहिजेत, आणि त्याने काही विचारलं तर त्याला नीट उत्तर मिळालं पाहिजे. सुरुवातीला सोशल मीडियाकडून एवढंच काम करून घ्या.

‘सगळ्या प्लॅटफॉर्मवर खाती उघडा’

खातं उघडायला पाच मिनिटं लागतात, ते सांभाळायला रोजचा वेळ लागतो. ज्या खात्यावर शेवटची पोस्ट वर्षापूर्वीची आहे आणि खाली ‘चालू आहे का?’ असा प्रश्न अनुत्तरित पडला आहे, ते पाहणारा माणूस व्यवसाय बंद पडला असंच समजतो. अशा खात्यापेक्षा खातं नसलेलं परवडतं.

एकच जागा निवडा. कोणती, हे तुमचे आत्ताचे ग्राहकच सांगतील. काम हातात देताना सहज विचारा, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ ज्या कामाची पसंती डोळ्यांनी ठरते, म्हणजे कपडे, दागिने, सजावट, त्याला इन्स्टाग्राम बरं. जे काम समजावून सांगावं लागतं, त्याला यूट्यूब. कारण लोक तिथे प्रश्न टाइप करून शोधतात आणि जुना व्हिडिओही सापडत राहतो. तुमचे ग्राहक म्हणजे दुसऱ्या कंपन्या असतील तर लिंक्डइन. आणि आसपासच्या लोकांवर चालणारा व्यवसाय असेल तर यातल्या कशाच्याही आधी गूगल बिझनेस प्रोफाइल भरा. तो काही सोशल मीडिया नव्हे, म्हणून त्या मजकुरात त्याचं नावही नसतं. पण ‘जवळ कुठे मिळेल’ असं शोधणाऱ्याला नकाशावर तुमची वेळ, फोन नंबर, फोटो आणि लोकांचे अभिप्राय तिथेच दिसतात, आणि ही नोंद विनामूल्य आहे.

दुसऱ्या कुणी तुमचं नाव घेऊ नये म्हणून इतर ठिकाणी नाव राखून ठेवायला हरकत नाही. फक्त तिथे ‘आम्हाला इथे संपर्क करा’ एवढं स्पष्ट लिहून ठेवा.

‘रोज पोस्ट टाका’

रोज टाकलेली पोस्ट रोज दिसते, हे गृहीतकच चुकीचं आहे. पोस्ट वेळेच्या क्रमाऐवजी कुणाला काय आवडेल या अंदाजाने लावणार, असं इन्स्टाग्रामने २०१६ मध्येच जाहीर केलं. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की न्यूज फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडताच दिसणाऱ्या पोस्टच्या रांगेत, आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल, व्यवसायांच्या पेजचा मजकूर कमी दिसेल. लोक ज्या पोस्टपाशी थांबतात, जी कुणाला पाठवतात किंवा जिच्याखाली बोलतात, ती पुढे आणखी लोकांना दाखवली जाते. त्यामुळे रोज सकाळी टाकलेला सुविचार ना कुणाला थांबवतो, ना तुमच्या कामाबद्दल काही सांगतो.

नियमितपणा हवा, हे त्या मजकुरातलं म्हणणं मला मान्य आहे. पण आठवड्याला एक कामाची पोस्ट वर्षभर टिकवणं हाही नियमितपणाच आहे.

‘पण टाकायचं काय?’ हा खरा अडसर असतो. लोक तुम्हाला फोनवर आणि काउंटरवर जे प्रश्न विचारतात, ते आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा. तेच तुमच्या पोस्टचे विषय. समजा, तुम्ही बॅगा दुरुस्त करता. ‘उत्तम सेवा, खात्रीशीर काम, आजच भेट द्या’ असं लिहून कुणाला काय कळणार? त्याऐवजी तुटलेल्या चाकाचा आणि नव्या बसवलेल्या चाकाचा, असे दोन फोटो जवळून काढा आणि लिहा: ‘सुटकेसचं चाक तुटलं म्हणून सुटकेस टाकून देऊ नका. चाक स्क्रूने बसवलेलं असेल तर बहुतेक वेळा एकटं चाक बदलता येतं. चाकाच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवा, जमेल की नाही ते आम्ही सांगतो. सुटकेसचा सांगाडाच तडकला असेल तर ते काम आम्ही घेत नाही.’

यातलं शेवटचं वाक्य लोक गाळतात, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. काय जमत नाही हे जो आधी सांगतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो. शिवाय नको असलेले फोन वाचतात.

‘किंमत लिहू नका, इनबॉक्समध्ये बोलवा’

या मुद्द्याचा मला मनापासून राग येतो. लोकांनी मेसेज केले की खात्यावरची हालचाल वाढते, असा त्यामागचा हिशेब. पण किंमत विचारायला किती जण संकोचतात याचा विचार त्यात नाही. खिशाला परवडेल की नाही याची खात्री नसलेला माणूस विचारायचंच टाळतो आणि जिथे किंमत लिहिलेली आहे तिथे जातो. तो गेला हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

नेमकी किंमत आधी सांगता येत नसेल तर कुठपासून कुठपर्यंत ते लिहा, आणि ती कशामुळे कमी-जास्त होते तेही लिहा. याच कामासाठी जानेवारी २०१८ मध्ये आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. त्यात वस्तूंचा कॅटलॉग लावता येतो, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात आणि दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोपही ठेवता येतो. त्या निरोपात ‘आम्ही लवकरच संपर्क करू’ असं मोघम लिहू नका. ‘उद्या सकाळी अकरापर्यंत उत्तर देतो’ असं लिहा, आणि द्या.

‘ट्रेंडिंग गाण्यांवर रील करा’

इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खात्याला लोकप्रिय गाण्यांचा पूर्ण संग्रह मिळत नाही, कारण त्या गाण्यांचे परवाने खासगी वापरापुरते असतात. धंद्याच्या जाहिरातीसाठी गाणं वापरलं तर आवाज काढून टाकला जाऊ शकतो किंवा व्हिडिओच उतरवला जाऊ शकतो. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या साउंड कलेक्शनमध्ये व्यवसायासाठी चालणारं संगीत आहे. नाहीतर कामाचा स्वतःचा आवाज ठेवा, मशीनचा, कात्रीचा, तुमच्या बोलण्याचा. नाचायची गरज नाही.

‘आधी फॉलोअर वाढवा’

आसपासच्या वस्तीवर चालणाऱ्या व्यवसायाला दुसऱ्या टोकाच्या शहरातले हजारो फॉलोअर काय कामाचे? याच हव्यासातून फॉलोअर विकत घ्यायची वेळ येते. ते प्लॅटफॉर्मच्या नियमांत बसत नाही आणि अशी खाती अधूनमधून झाडून काढली जातात. अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने तर २०२४ मध्ये नियमच केला: धंद्यासाठी आपला प्रभाव फुगवून दाखवायला बनावट फॉलोअर आणि व्ह्यूज जाणूनबुजून विकत घेणं बेकायदा.

मोजायचंच असेल तर या महिन्यात किती जणांनी चौकशी केली, त्यातल्या किती जणांनी काम दिलं आणि किती जण परत आले, ते मोजा. हे आकडे लहान असतात, पण भाडं त्यांच्यातून निघतं.

‘वेबसाइट नको, हे सगळं फुकट आहे’

तुमचा वेळ जातो, म्हणजे फुकट नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती जागा तुमच्या मालकीची नाही. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन २०१३ मध्ये आलं आणि २०१७ च्या जानेवारीत गेलं. गूगल प्लस सर्वसामान्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांची सगळी ऑर्डर तिथूनच येत होती, त्यांच्याकडे ग्राहकांना साधा निरोप द्यायलाही दुसरी वाट नव्हती.

मोठी वेबसाइट सुरुवातीला लागत नाही. स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे तुमच्या नावाच्या वेब पत्त्यावर, एक पान पुरे: काय करता, कुठे, केव्हा, किती दरात, फोन नंबर. आणि ग्राहकांच्या संमतीने त्यांचे नंबर किंवा ईमेल तुमच्याजवळ लिहून ठेवा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायची सोय, वापरणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो, म्हणून बिल देताना नंबर सेव्ह करायला सांगा.

मजकुरात नसलेला मुद्दा

खातं कुणाच्या नावावर आहे? बऱ्याचदा पेज भाचा किंवा एखादा कर्मचारी बनवून देतो, त्याच्या ईमेलवर, त्याच्या फोनवर. पुढे तो शिकायला परगावी जातो किंवा नोकरी सोडतो आणि मालकालाच आपल्या पेजवर शिरता येत नाही. म्हणून खातं व्यवसायाच्या ईमेलवर उघडा, पेजचे संपूर्ण अधिकार किमान दोन विश्वासू माणसांकडे ठेवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा. त्याचे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खात्यात शिरायला लागणारे कोड, कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. ‘कॉपीराइटच्या तक्रारीमुळे तुमचं पेज चोवीस तासांत बंद होणार, या लिंकवर लॉगिन करा’ असा मेसेज कधीतरी येईलच. ती लिंक उघडू नका. ॲपमध्ये स्वतः जाऊन खात्याची स्थिती तपासा आणि फोनवर आलेला ओटीपी कुणालाही, अगदी ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणणाऱ्यालाही, देऊ नका.