ताई गेली, ती ब्रेकिंग नव्हती

सकाळपासून लिहू की नको करतेय. आता लिहितेच, कारण डोकं फिरलंय. ज्यांना लागायचं त्यांना लागू दे, अनफ्रेंड करायचं असेल तर खुशाल करा.

आमच्या चॅनलची डेस्कवाली, म्हणजे रिपोर्टरच्या बातम्या नीट करून ऑन एअर सोडणारी, ताई गेली हे तुम्हा सगळ्यांना माहितीये. आज तिच्या मुलीशी बोलले. त्या दिवशी ती प्रवासात होती, फोन सायलेंटवर. उतरल्यावर बघते तर नोटिफिकेशनचा खच. कुणीतरी आईच्या फोटोवर तिला टॅग केलेलं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले इमोजी आणि "स्टे स्ट्राँग बेटा". मामाचे मिस्ड कॉल ह्या सगळ्याच्या खाली दबलेले. म्हणजे तिकडे हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मामा उभा, भाचीला कसं सांगायचं म्हणून शब्द जुळवतोय, आणि तोवर आपल्यातला एक शहाणा पोस्ट टाकून मोकळा. आपल्यातलाच बरं का, बाहेरचा कुणी नाही. अख्खं आयुष्य न्यूजरूममध्ये काढलेला माणूस.

पोरगी चिडली असती तर बरं वाटलं असतं मला. ती म्हणाली, "मावशी, मला आधी वाटलं आज आईचा वाढदिवस आहे आणि मी विसरले, एवढे लोक कसे काय लिहितायत."

काय बोलणार ह्यावर.

जे ताईबरोबर नाइटला बसलेत त्यांना त्या अपघाताची रात्र आठवत असेल. मी तिच्या शेजारच्याच मशीनवर होते. रिपोर्टरचा फोनो, म्हणजे फोनवरून लाइव्ह बातमी, चालू होता, मृतांची नावं आलेली, कन्फर्म, पोलिसांकडूनच आलेली. समोरच्या भिंतीवर बाकीच्या चॅनलवाल्यांनी नावं चालवायला सुरुवात पण केली होती. मी ॲस्टन, म्हणजे स्क्रीनवरची नावांची पट्टी, टाइप करून बसलेले, फक्त पाठवायचा बाकी. ताई म्हणाली, "थांब जरा. घरी कळलंय का ते विचारू दे." टॉकबॅकवर, म्हणजे आतल्या स्पीकरवर, पीसीआरमधून (कंट्रोल रूममधून) बोंबाबोंब, नावं कुठेत, सगळ्यांनी चालवली, आपण काय झोपलोय का. हिने शांतपणे टॉकबॅकचा आवाज बारीक केला आणि रिपोर्टरला फोनवर एकेक नाव वाचून दाखवत विचारायला लागली, ह्यांच्या घरी कळवलं? ह्यांच्या? एका नावापाशी रिपोर्टर म्हणाला, घरचे अजून सापडले नाहीत. ते नाव त्या रात्री आमच्याकडून गेलं नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये तिने त्याबद्दल जे ऐकून घेतलं ते मी इथे लिहीत नाही.

आणि ह्या बाईची स्वतःची बातमी तिच्या पोटच्या पोरीला टॅग होऊन कळते. वर कारण पण चुकीचं लिहिलेलं. एवढ्या वर्षांत कॉपीतलं एक आडनाव चुकू दिलं नाही तिने.

नवीन पोरं जॉइन झाली की ताई त्यांना गॅब्रिएल गिफर्ड्सची गोष्ट सांगायची, आठवतंय? २०११ मध्ये अमेरिकेत ह्या खासदार बाईंवर गोळीबार झाला आणि एनपीआरसारख्या नावाजलेल्या रेडिओने त्या गेल्या म्हणून सांगून टाकलं, मग काय, बाकीचेही त्याच रांगेत. बाई जिवंत होत्या. नवरा विमानाने त्यांच्याकडेच निघालेला आणि त्याने विमानातल्या टीव्हीवर ऐकलं की आपली बायको गेली. ताई एवढं सांगून थांबायची आणि पोरांच्या तोंडाकडे बघायची. पुढे लेक्चर नाही, काही नाही. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट हेलिकॉप्टर अपघातात गेला त्या वेळी, २०२० मध्ये, टीएमझी ह्या सेलिब्रिटी-गॉसिप वेबसाइटने घरच्यांच्या आधी बातमी फोडली तेव्हा तिथल्या शेरीफने जाहीरपणे झापलं होतं, त्याच्यावर आपल्याच ग्रुपमध्ये केवढी चर्चा! काय हे, कुठे चाललीय पत्रकारिता, वगैरे. चर्चेत सगळ्यात पुढे कोण होतं ते शोधा ग्रुपवर. मी शोधलं आज. नाव लिहीत नाही.

हो, मान्य आहे, हल्ली बातमी थांबत नाही, आपण नाही टाकली तर दुसरा टाकतो. पण न्यूजरूममध्ये निदान टीआरपीचा धाक असतो, वरून कुणीतरी ओरडत असतं, नोकरीचा प्रश्न असतो. इथे कोण ओरडत होतं? दोन तास उशिरा वाहिली श्रद्धांजली तर ती शिळी होते का?

बरं, त्या पहिल्या पोस्टचं सोडा. नंतर जे काही सुरू झालं! ताईबरोबरचा सेल्फी, ज्यात ताई अर्धी कापली गेलीय आणि स्वतःचा चेहरा मस्त उजेडात. "शब्द नाहीत" म्हणून चार परिच्छेद. आणि ज्या साहेबांनी अप्रेझलला तिला "तुम्ही थोडं ॲग्रेसिव्ह व्हायला हवं" असं ऐकवून बढती दुसऱ्याला दिली, त्यांच्या वॉलवर "कधीही न भरून निघणारी हानी". भरून निघाली हो साहेब, तुम्ही तेव्हाच भरून काढली होती, तिच्या जागी बसवलात ना माणूस.

असो.

पण मग आज दुपारी आणखी एक पोस्ट वाचली आणि ह्या बाजूनेही डोकं गेलं. एक मित्र लिहितो की हे फेसबुकवरचं रडणं सगळं खोटं, जिवंत असताना फोन केला नाहीत आणि आता कसले उमाळे. लाईक बघा किती! अरे बाबा, तुझं डेस्कवरच्या माणसाशी नातं कुठे होतं? स्क्रीनवरच होतं ना? तुझी कॉपी रात्री तिच्याकडे जायची, ती नीट होऊन ऑन एअर जायची, तू झोपलेला असायचास. अर्ध्या रिपोर्टरांनी तिला प्रत्यक्ष बघितलंसुद्धा नव्हतं, फक्त आवाज माहीत, "हां, बोल, कितीला देतोयस?" मग ते दुःख पण स्क्रीनवरच येणार, आणखी कुठे येणार. सेल्फीवाल्यांचा मलाही संताप आहे, वर लिहिलाय, पण त्या एका मापाने सगळ्यांना मोजू नका.

तिच्या वॉलवर खाली खाली जाऊन वाचा जरा. पहिल्या दिवसाच्या आरआयपीच्या खाली, उशिरा आलेल्या कमेंट्स. एका स्ट्रिंगरने, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या बाहेरच्या रिपोर्टरने, लिहिलंय की त्याचं नाव फोनोच्या वेळी अँकर नेहमी चुकीचं घ्यायचे, तर ताईने रनडाऊनमध्ये (बुलेटिनच्या क्रमयादीत) त्याचं नाव ठळक अक्षरात फोड करून लिहायला सुरुवात केली, प्रत्येक वेळी. एका व्हिडिओ एडिटरने लिहिलंय, मृतदेहाचा शॉट ब्लर केला असला तरी ती लूपवर टाकू द्यायची नाही, एकदा दिसला तेवढं पुरे म्हणायची. एका माजी इंटर्नने ताईने मार्क केलेल्या स्क्रिप्टचा फोटो टाकलाय, त्यात "आक्रोश" खोडून "रडणं" केलंय आणि शेजारी बारीक अक्षरात, "तू तिथे होतीस का?" मी हे वाचून एकटीच हसले आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही.

हे सगळं दुसरीकडे कुठे लिहिलं जाणार होतं सांगा. रिपोर्टरला बायलाइन, बातमीवर नाव असतं, अँकरला चेहरा असतो. डेस्कवरच्या माणसाने जे खोडलं, जे थांबवलं, जे जाऊ दिलं नाही, त्याची नोंद कुठल्याच लायब्ररीत नसते. त्या रात्री न गेलेल्या नावाचं फुटेज कुठून आणणार?

आणि गंमत बघा, मोठ्या लोकांची ऑबिट पॅकेजं, म्हणजे ते गेल्यावर चालवायच्या बातम्या, आधीच तयार करून ठेवायचं काम ताईचंच. मोठ्या संस्था हे करतातच, न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये एलिझाबेथ टेलरचा मृत्युलेख छापला तेव्हा तो लिहिणारा मेल गुसो २००५ मध्येच जाऊन बसला होता. तसंच आपल्या सर्व्हरवर ताईने लिहिलेली पॅकेजं पडून आहेत, ज्यांच्यावर आहेत ते ठणठणीत आहेत, देव त्यांना आयुष्य देवो. कधीतरी ती चालतील, अँकर वाचेल, शब्द ताईचे असतील, कुणाला कळणारही नाही. तिच्यावरचं पॅकेज मात्र कुणी करून ठेवलं नव्हतं, ते आत्ता कमेंट्समधून तुकड्या-तुकड्याने होतंय. म्हणून म्हणते, लिहा. उशिरा लिहा, तिरकंतारकं लिहा, पण तिने तुमच्या कॉपीचं काय केलं ते लिहा. आरआयपी नको.

आता आणखी एक. ग्रुपवर कालपासून कुणीतरी मागे लागलंय की तिचं फेसबुक प्रोफाइल मेमोरिअलाइझ, म्हणजे स्मृती-प्रोफाइल, करून घेऊ, नावाशेजारी "रिमेंबरिंग" येतं, वाढदिवसाची नोटिफिकेशन्स जात नाहीत, वगैरे. हेतू चांगला असेल, नाही कशाला म्हणू. पण एकदा ते झालं की त्या अकाउंटमध्ये कुणालाच लॉगिन करता येत नाही, पासवर्ड माहीत असला तरी नाही. २०१५ पासून लेगसी कॉन्टॅक्टची, म्हणजे आपल्यामागे अकाउंट सांभाळणाऱ्या माणसाची, सोय आहे, पण तो तिने स्वतः नेमलेला असायला हवा आणि त्यालाही मेसेज वाचता येत नाहीत. पोरीला आईचे जुने मेसेज बघायचे असतील, फोटो उतरवून घ्यायचे असतील, काहीच करायचं नसेल. ठरवू दे ना तिला. परत तीच घाई कशाला? अजून एकदा थांबता येत नाही का आपल्याला? फॉर्म कुणीही भरू नये, ज्याने भरलाय त्याने मला सांगावं.

आणि "नेमकं काय झालं होतं" हे कमेंटमध्ये विचारू नका, घरच्यांनी सांगितलेलं नाही म्हणजे सांगायचं नाहीये. मुलीला टॅग करू नका. ती वाचतेय, स्वतःहून, तिच्या वेळेने.

तिने एकच गोष्ट मागितलीय. आईचा आवाज. घरी फोटो खूप आहेत, आवाज फारसा नाही. तर ज्यांनी ताईबरोबर पॅकेजं कापलीत त्यांना माहितीये की व्हॉइसओव्हरवाला यायच्या आधी ती स्वतःच घाईघाईत स्क्रॅच व्हीओ, म्हणजे कच्चा व्हॉइसओव्हर, करून द्यायची, मध्येच खोकायची, "हे कट कर रे" म्हणायची. ऑन एअर कधीच गेले नाहीत ते, बहुतेक उडवले गेले असणार. तरी कुणाच्या जुन्या हार्ड डिस्कवर, पेन ड्राइव्हवर, प्रोजेक्ट फाइलमध्ये एखादा पडला असेल तर मला इनबॉक्स करा. साफ करू नका, एडिट करू नका, खोकल्यासकट पाठवा. आणि प्लीज, इथे कमेंटमध्ये अपलोड करू नका, आधी तिला ऐकू दे.