लस विरुद्ध नॅचरल? काहीही!

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. काकांचं म्हणणं, आपली इम्युनिटी नॅचरल, लसींनी ती बिघडते, आणि वर मला टोमणा की तुम्ही तिकडचे लोक जरा शिंक आली की डॉक्टरकडे पळता. अहो, इथे हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पळून मिळतं काय, तर पॅरासिटामॉल!

पण मला खरा राग येतो तो या 'लस विरुद्ध नॅचरल'चा. मी राहतो त्या नेदरलँड्समध्येच, नायमेखनला, मिहाई नेतेआ या संशोधकाच्या टीमने 2011 मध्ये 'ट्रेन्ड इम्युनिटी' ही कल्पना मांडली. मोनोसाइटसारख्या, म्हणजे जन्मजात इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशींना काही लक्षात राहत नाही असं आपण शिकलो, पण बीसीजी, म्हणजे टीबीची लस, त्यांनाही वळण लावते. जीन्सभोवतीच्या प्रोटीनवर खुणा होतात आणि पुढे भलताच जंतू आला तरी पेशी जोरात तुटून पडतात. मोनोसाइट जगतात जेमतेम काही दिवस, पण हे वळण बोनमॅरोतल्या मूळ पेशींपर्यंत पोचतं म्हणून महिनोन्महिने टिकतं. म्हणजे काका, तुमच्या त्या लाडक्या नॅचरल इम्युनिटीचीच शिकवणी चालू असते.

गिनी-बिसाऊमध्ये कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर बीसीजी दिली, तर तीन ट्रायल मिळून पहिल्या महिन्यातले मृत्यू 38 टक्क्यांनी कमी झाले, आणि ही बाळं टीबीने थोडीच जात होती, सेप्सिस, न्यूमोनियानेच जास्त. (डेन्मार्कमध्ये बाळांच्या हॉस्पिटलवाऱ्या काही कमी झाल्या नाहीत, पण डेन्मार्कच्या बाळांना मुळात होतंय काय!)

दुसरं टोक म्हणजे माझा आतेभाऊ. 2020 मध्ये म्हणे आपल्याला बीसीजी आहे, कोरोना काय वाकडं करणार. मग 2021 उजाडलं. पुढे ब्रेस नावाच्या ट्रायलमध्ये हजारो हेल्थवर्करना टोचून बघितली, कोरोनापुरता तरी फायदा दिसला नाही. पण हे ग्रुपवर टाकलं की मी लगेच 'डच' होतो.

आणि इथे? डच मुलांना सरसकट बीसीजी देतच नाहीत. माझी मुलगी इथेच जन्मली, इथलीच भाषा बोलते, तरी जीजीडीचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य खात्याचं, बीसीजीसाठी पत्र आलं, कारण आईबाप भारतातले, म्हणजे टीबी जास्त असलेल्या देशातले. टोचून घेतली, पटलेलंच होतं, पण ते पत्र लागलं मनाला. स्विमिंगला कुणी तिच्या दंडावरचा वण बघून विचारलं की मी ट्रेन्ड इम्युनिटी, नेतेआ, नायमेखन असं सगळं ऐकवतो, टीबीचं नाव मात्र घेत नाही.